पलटणीची भाकरी आणि पेन्शनीचा हक्क

सैन्यभरतीचा जाहीरनामा निघाला की आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची भाषणे ऐकू येतात. एक वक्ता सांगतो, “आपण कोरेगावच्या वीरांचे वारस; आपल्या मुलांनी पलटणीत गेलेच पाहिजे.” दुसरा सांगतो, “आपण बौद्ध झालो. आता हाती शस्त्र धरणे पाप आहे.” या दोन्ही वक्त्यांची स्वतःची मुले बहुधा भरतीच्या मैदानावर धावत नसतात. धावतो तो शेतमजुराचा मुलगा. म्हणून त्याच्या आईबापांशी आज चार स्पष्ट शब्द बोलणे अवश्य आहे.

दुसऱ्या वक्त्याला उत्तर थोडक्यात देता येते. बिंबिसाराचे सैनिक पलटण सोडून संघात येऊ लागले, तेव्हा राजसेवेत असलेल्या सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम भगवान बुद्धांनी केला, हे विनयपिटकात नमूद आहे. बिंबिसाराने सैन्य मोडावे, असे त्यांनी सांगितले नाही. हिंसेची इच्छा आणि हिंसेची निकड यांतील भेद बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात विशद केला आहे. देशाच्या रक्षणार्थ बंदूक धरणारा उपासक धम्मद्रोही ठरत नाही.

पहिल्या वक्त्याशी मात्र सविस्तर वाद घातला पाहिजे. कारण त्याच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य अधिक फसवते.

पलटणीने आपल्याला काय दिले? गावाने जे नाकारले ते दिले. गावच्या शाळेत आमच्या मुलाला दाराबाहेर बसवीत, त्या काळात कंपनी सरकारच्या पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची होती. सुभेदार रामजी सकपाळ त्याच व्यवस्थेत शिकले आणि सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक झाले. नोकरी सुटल्यावर त्यांना पेन्शन होती. म्हणूनच त्या घरात पुस्तक येऊ शकले. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी जन्मलेल्या त्या मुलाच्या विद्येमागे पलटणीची शाळा व पेन्शन ही दोन्ही उभी होती. हे ऋण कोणी नाकारू नये.

परंतु पुढचा इतिहासही वाचा. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला ज्यांनी रक्त सांडले, त्यांची ‘नाक’ प्रत्ययाची नावे सरकारने स्तंभावर कोरली. आणि त्याच सरकारने 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. कारण काय? तर ‘लढाऊ जाती’ नावाचे नवे शास्त्र निघाले आणि त्यात आमची जात बसेना! निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली पुन्हा दाद मागितली. 1917 मध्ये महायुद्धाला माणसे कमी पडली, तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरले आणि 1921 मध्ये ती मोडली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेच्या काळी आणि बाबासाहेबांनी नेट धरल्यावर.

यातून एकच धडा निघतो. मर्दुमकी हा हक्काचा दस्तऐवज नव्हे. मालक खूश असेपर्यंत बक्षीस मिळते. हक्क कायद्यात लिहावा लागतो. वलंगकरांच्या अर्जात आपण मूळचे क्षत्रिय होतो असे सांगावे लागले. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्याला तसल्या दाखल्याची गरज उरलेली नाही. मग आपणच ‘लढवय्यी जात’ हे परक्याचे बिरुद पुन्हा छातीवर का लावावे?

आता आजचा हिशेब मांडू. पूर्वीच्या पद्धतीने भरती झालेल्या जवानास 15 वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनचा हक्क मिळे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्याप्रमाणे सेवा चार वर्षे. मासिक वेतन पहिल्या वर्षी 30,000 रुपये, चौथ्या वर्षी 40,000. त्यातील 30 टक्के कापून ठेवायचे, सरकारने तितकीच भर घालायची, आणि शेवटी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार रुपये हाती द्यायचे. सेवेत मृत्यू आल्यास 48 लाखांचा विमा आहे. परंतु पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम व्हायचे ते जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणजे चार मुलांतील तिघे परत येणार. साडेसतराव्या वर्षी गेलेला मुलगा साडेएकविसाव्या वर्षी दारात उभा राहील, त्या वेळी त्याच्या बरोबरीची मुले पदवीधर झालेली असतील. रामजींच्या घरात विद्या आणणारी पेन्शनच या करारातून गळाली आहे, हे ध्यानात घ्या.

वकील म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. घटनेच्या 33 व्या अनुच्छेदाने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. 1950 च्या सेना अधिनियमान्वये संघटना, सभा व वृत्तपत्रे यांबाबत जवानावर बंधने येतात. शिस्तीसाठी ती आवश्यक असतील. पण अंगठा उठवण्यापूर्वी ती मुलाला ठाऊक असावीत. दाद मागण्यास 2007 च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. परंतु तेथे अश्रू चालत नाहीत, कागद चालतात.

माझ्याकडे एक जवान आला होता. आजारपणामुळे त्याला घरी पाठवले आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असा शेरा मारला. भरतीच्या वेळची प्रकृती निर्दोष नोंदली असेल, तर पुढील आजार सेवेमुळे नाही हे दाखवण्याचा भार जवानावर नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितले आहे. त्याच्या निरक्षर आईने सर्व कागद ट्रंकेत जपले होते. त्यांच्याच बळावर दावा उभा राहिला.

तेव्हा, मातापित्यांनो, मुलाला अवश्य पाठवा. पण उपासमारीने किंवा पोवाड्याने ढकलू नका. बारावी पुरी होऊ द्या. सेवेत असताना पदवीचा अभ्यास चालू ठेवायला लावा. शेवटी हाती येणारी रक्कम लग्नाच्या मांडवात जाळू नका. ती पुढच्या शिक्षणासाठी राखा. प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा. आणि संघटनेने चार वर्षांच्या सेवेलाही निवृत्तिवेतनाचा प्रमाणशीर हक्क मागावा.

कोरेगावच्या स्तंभाला वंदन करा. पण तेथून परतताना मुलाला विचारा, “बाळ, तुझे पुस्तक कोठे आहे?”