सुक्याबरोबर ओले जळते, पण कोणाच्या खर्चाने?

सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण निरपराधाच्या वाट्याला येणाऱ्या शिक्षेविषयी आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बॉयलरच्या भट्टीत मात्र ती शब्दशः खरी ठरते. ओले जळण सुक्याच्या जिवावर जळते आणि शिक्षा ऊस उत्पादकाला होते.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा ही या परिसरातील सहकाराची ठळक नावे. साखर कारखान्याचे मुख्य इंधन म्हणजे बगॅस. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस निघतो आणि त्याचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. अशा एका टन बगॅसमध्ये सुमारे २२ लाख किलोकॅलरी उष्णता साठलेली असते. त्यातील पाचशे किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे तीन लाख किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे सातवा-आठवा हिस्सा कोणतेही काम न करता धुराड्यातून आकाशात जातो!

लाकडाचा भुसा, गिरणीतील ढलप्या, वेड्या बाभळीचे तुकडे यांचा न्यायही हाच. वजनकाट्यावर ओल्या लाकडाला सुक्याचाच भाव देणारा उद्योग लाकडाबरोबर पाणीही विकत घेतो. ओला ढीग साठून राहिला की तो कुजतो, आतून तापतो, प्रसंगी पेटही घेतो.

यावर ठरलेले उत्तर असते : बगॅस घरचाच आहे, तो फुकट आहे, वाळवण्याचा खर्च कशाला? हा युक्तिवाद फसवा आहे. वाचलेल्या बगॅसपासून वीज होते, कागद होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर कायद्याने उपपदार्थांच्या उत्पन्नातही शेतकऱ्याचा वाटा मान्य केला आहे. मग जे व्यर्थ उडते ते फुकटचे कसे? ते सभासदाच्या घामाचे आहे.

धुराड्यातून जाणाऱ्या तप्त वायूनेच जळण वाळवण्याचे प्रयोग अमेरिकेतील लुइझियानात १९१० च्या सुमारास झाले. ठिणगीचा धोका खरा आहे. पण तो योग्य रचनेने टाळता येतो. त्यासाठी परदेशी कंपन्यांच्या दारात उभे राहण्याचीही गरज नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरने देशाला साखर कारखान्यांची यंत्रे दिली, इस्रोच्या अग्निबाणांची आवरणेही दिली. अग्निबाणाचे भाग घडवणाऱ्या भूमीत जळण वाळवण्याचे यंत्र घडू नये? उणीव बुद्धीची नाही, इच्छाशक्तीची आहे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाचे शोषण नव्हे, दोहन करावे, ही त्या विचारधारेची शिकवण. गाय दोहावी आणि निम्मे दूध मातीत सांडावे, याला दोहन म्हणत नाहीत. निवडणुकीत सहकाराचा जयघोष करणाऱ्यांनी वार्षिक सभेत तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : भट्टीत जाणाऱ्या जळणात ओल किती? तिच्यामुळे वीज किती बुडते? जळणाची खरेदी ओलावा मोजून होते काय?

सभासदांनी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. स्वदेशीचा आरंभ घोषणेपासून नव्हे, आपल्या घरातील गळती थांबवण्यापासून होतो.