‘ने’ प्रत्ययाची कामे : भारतीय भाषांच्या व्याकरणशिक्षणाचा प्रश्न

भारतीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. प्रभाव, आदानप्रदान, प्रबोधन, आधुनिकता या विषयांवर चर्चासत्रे भरतात आणि त्यांची इतिवृत्तेही प्रसिद्ध होतात. परंतु हा सारा व्याप ज्या पायावर उभा राहावयाचा, त्या पायाविषयी, म्हणजे दुसऱ्या एखाद्या भारतीय भाषेच्या व्याकरणाच्या प्राथमिक ज्ञानाविषयी, सहसा कोणी बोलत नाही. बहुतेक अभ्यासकांची पूंजी स्वभाषा, हिंदी आणि इंग्रजी एवढीच असते. उरलेले भारतीय साहित्य ते अनुवादातून वाचतात आणि अनुवादातून वाचलेल्यावर मूळाविषयीची विधाने करतात. ही उणीव भरून काढता येण्याजोगी आहे; मात्र तिच्यासाठी व्याकरण शिकविण्याच्या रूढ रीतीचा फेरविचार करावा लागेल.

या दृष्टीने दिल्लीतील मुनिरका हे ठिकाण विचारात घेण्यासारखे आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारचे हे जुने गाव. गावची मूळ बोली हरियाणवीच्या वळणाची. 1969 साली स्थापन झालेले विद्यापीठ शेजारी वाढत गेले, तसतशी या गावच्या अरुंद गल्ल्यांतील खोल्यांमधून बिहारपासून मणिपूरपर्यंतची आणि केरळपासून आसामपर्यंतची तरुण मंडळी राहू लागली. येथे एका जिन्यावर चार-पाच भाषाकुलांतील माणसे भेटतात आणि बोलतात मात्र हिंदीत. मणिपुरी बोलणारा विद्यार्थी ‘रोटी अच्छा है’ असे म्हणाला की ऐकणारा हसतो. हसणाऱ्याला हे ठाऊक नसते की मणिपुरीत क्रियापद लिंग, वचन वा पुरुष यांपैकी कशाप्रमाणेही बदलत नाही. त्या विद्यार्थ्याच्या हातून जे घडते त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. त्याच्या भाषेचा नियम तो दुसऱ्या भाषेत पाळत असतो, इतकेच. बंगाली भाषकाचीही हीच अडचण असते, कारण बंगालीतही क्रियापदाला लिंग नाही. व्याकरणाच्या प्राथमिक ज्ञानाचा पहिला लाभ हा की ज्याला आपण चूक म्हणतो त्यामागची व्यवस्था दिसू लागते.

आता एका लहानशा प्रत्ययाचे उदाहरण घेऊ. हिंदीत ‘राम ने रोटी खाई’ आणि मराठीत ‘रामाने भाकरी खाल्ली’. वरवर पाहता दोन्हीकडे ‘ने’ एकच. परंतु हिंदी भाषक ‘मैंने रोटी खाई’ म्हणतो, तर मराठी भाषक ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो. प्रथम आणि द्वितीय पुरुषी सर्वनामांना मराठी येथे प्रत्ययच लावीत नाही. उलट मराठी ‘ने’ साधनही दाखवितो. ‘चाकूने कापले’ या वाक्यातील ‘ने’ला हिंदीत ‘से’ लागते. गुजरातीकडे वळावे तर ‘रामने भूख लागी’ याचा अर्थ ‘रामाला भूक लागली’ असा होतो. तेथे ‘ने’ हा चतुर्थीचे काम करतो, आणि कर्त्यासाठी ‘रामे रोटली खाधी’ असा निराळा प्रत्यय येतो. मुनिरक्याच्या मूळ रहिवाशाच्या तोंडी ‘मन्नै’ हे रूप ‘मैंने’ या अर्थीही येते आणि ‘मुझे’ या अर्थीही. एका ध्वनिरूपाची चार भाषांतील ही कामे एका तासात समजावून देता येतात. ती समजली म्हणजे विद्यार्थ्याला कळते की प्रत्यय आणि त्याचे कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणिनीने कारक आणि विभक्ती यांत जो भेद केला, तोच हा. सहा कारके आणि सात विभक्ती यांची जुळणी एकास एक अशी नाही, हे तत्त्व तो सूत्रे पाठ न करताही आत्मसात करतो.

आपली शालेय व्याकरणपुस्तके नेमके हेच तत्त्व झाकून टाकतात. याला इतिहास आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला 1805 साली छापले गेले, ते इंग्रजांना मराठी शिकविण्यासाठी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 सालचे. एकीकडे संस्कृतचा आणि दुसरीकडे इंग्रजीचा, अशा दोन साच्यांच्या ओढाताणीत मराठी व्याकरण वाढले. मोरो केशव दामले यांनी 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या ओढाताणीचा साक्षेपाने विचार केला, परंतु शाळेत पोचली ती विभक्तीची कोष्टके आणि व्याख्या. पुढे विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘पॅसिव्ह’ शिकतो आणि ‘कर्मणी प्रयोग’ म्हणजे तेच, अशी समजूत करून घेतो.

ही समजूत घातक आहे. ‘मी भाकरी खाल्ली’ हे वाक्य मराठी व्याकरणाच्या परिभाषेत कर्मणी आहे, कारण क्रियापद भाकरीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पण कर्ता तेथे दुय्यम झालेला नाही. खाणाऱ्यानेच खाल्ले आहे आणि तोच वाक्याच्या अग्रभागी आहे. ‘रामाने सीतेला पाहिले’ येथे क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते. हिंदीतील ‘राम ने सीता को देखा’ या वाक्यातही तेच घडते. फक्त हिंदीला नपुंसकलिंग नसल्यामुळे क्रियापद पुल्लिंगी एकवचनी दिसते. ‘तू भाकरी खाल्लीस’ या वाक्यात तर क्रियापद लिंग भाकरीकडून घेते आणि शेवटचा ‘स’ ‘तू’कडून. संकर प्रयोग या नावाने ही रचना मराठी वैयाकरणांनी ओळखलेली आहे. कर्तरी, कर्मणी, भावे आणि संकर ही चौकट इंग्रजीतील जोडीपेक्षा भारतीय भाषांना अधिक मानवते. ती आपल्याच परंपरेत तयार आहे. तरीही हिंदी भाषक विद्यार्थ्याला मराठी शिकविताना, किंवा मराठी विद्यार्थ्याला हिंदी शिकविताना, आपण इंग्रजीच्या दारातून आत शिरतो.

या सूक्ष्म भेदांचा साहित्याशी संबंध काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वनामांत सापडते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा सामील नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. तमिळमधील ‘नाङ्गळ्’ आणि ‘नाम्’ यांत हाच भेद आहे. गुजरातीतील ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांतही तोच. प्रमाण हिंदीजवळ दोहोंसाठी एकच ‘हम’ आहे. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचा प्रारंभ मराठी पाठात ‘आम्ही’ने होतो आणि हिंदी पाठात ‘हम’ने. शपथपूर्वक घोषणा करणाऱ्याला ‘आम्ही’ शोभते, हे खरे; पण वाचणारा नागरिक त्या ‘आम्ही’त मोजला गेला आहे की नाही, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येऊ शकतो. हिंदी वाचकापुढे त्याची भाषा तो उभाच करीत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (1978) पुढे आलेल्या दलित आत्मकथनांच्या अभ्यासात तर ‘आम्ही’ म्हणजे कोण आणि वाचकाला ‘आपण’मध्ये कधी घेतले जाते, हा अर्थाच्या गाभ्याचा प्रश्न ठरतो. हिंदी अनुवादात दोन्ही ठिकाणी ‘हम’ आले की ही सीमारेषा पुसली जाते. केवळ अनुवाद वाचणाऱ्याला ती पुसली गेल्याचेही कळत नाही. ज्याने मराठी व्याकरणाचे चार पाठ वाचले आहेत, तो निदान मूळ पान उघडून पाहील.

नकाराचेही तसेच. मराठीत ‘तो घरी नाही’ आणि ‘तो शिक्षक नव्हे’ असा भेद होतो. नसणे वेगळे आणि अमुक नसणे वेगळे. आजच्या बोलण्यात ‘नव्हे’ची जागा पुष्कळदा ‘नाही’ घेते, तरी लेखनात हा भेद जिवंत आहे. कन्नडात ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’ यांत हाच भेद आहे. मराठी ‘नको’ला कन्नडात ‘बेड’ हा जोडीदार आहे. हिंदीत मात्र ‘नहीं’ बहुतेक सारा भार उचलते. ‘काल आलेला माणूस’ ही रचना कन्नडात ‘निन्ने बंद मनुष्य’ अशी जवळजवळ शब्दास शब्द उतरते. हिंदी तेथे स्वभावतः ‘जो आदमी कल आया’ असे म्हणेल. मराठी शब्दसंग्रहाने आर्यकुलातील असली तरी तिच्या वाक्याची चाल अनेक ठिकाणी दक्षिणेकडची आहे. एम. बी. एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले, ते अशाच साम्यांच्या आधारावर. मराठी ही या क्षेत्राच्या मध्यावरची भाषा असल्यामुळे तिच्यातून दोन्ही दिशांना जाण्याची वाट सापडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, परंतु वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून सांगता यावे. त्याच वेळी प्रत्येक समाजाने घरातली भाषा सोडली नाही. जात, धर्म आणि व्यवसाय यांची कुंपणे शब्दांनी राखली. व्यवहाराने व्याकरण एक केले.

कुपवाड आणि मुनिरका यांत मोठे अंतर आहे. कुपवाडमध्ये बदलाचा भार सर्वांनी थोडाथोडा वाहिला. मुनिरक्यात तो एका बाजूनेच वाहिला जातो. मणिपुरी, मल्याळी, आसामी विद्यार्थी हिंदीचे लिंगवचन शिकतो. हिंदी विद्यार्थ्याला मणिपुरी वाक्य कसे चालते हे जाणून घेण्याची गरज कधी पडत नाही. शिवाय येथील वास्तव्य दोन-चार वर्षांचे. शतकांच्या सहवासाने जे कुपवाडला आपोआप घडले, ते भाड्याच्या खोलीत घडणार नाही. तेथे व्याकरणाच्या पुस्तकालाच सहवासाचे काम करावे लागेल.

भाषा कानाने शिकावी, व्याकरणाने नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जातो. लहान मुलांच्या बाबतीत तो पूर्णतः मान्य करावा. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याचा 16 एप्रिल 2025 चा शासननिर्णय आणि त्याचे बदललेले रूप, ही दोन्ही 29 जून 2025 रोजी मागे घेण्यात आली. त्या वादात कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून यावर रणे माजली. कशी शिकवावी यावर फारच थोडे बोलले गेले. परंतु विद्यापीठातील संशोधकाचा प्रश्न निराळा आहे. त्याचे वय वाढलेले असते, वेळ थोडा असतो आणि त्याला संभाषणापेक्षा वाचन साधावयाचे असते. त्याच्यासाठी व्याकरण हा जवळचा रस्ता आहे, फक्त ते कोष्टकांचे नसावे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने (स्थापना 1969) प्रादेशिक केंद्रांतून दुसरी भारतीय भाषा शिकविण्याचे मोलाचे काम केले, पण ती योजना मुख्यतः शाळाशिक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे.

तेव्हा तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पहिली, भारतीय साहित्यात संशोधन करणाऱ्याला स्वभाषेच्या कुलाबाहेरील एका भारतीय भाषेचे वाचनापुरते व्याकरण आवश्यक असावे. दुसरी, मराठी शिकविणारी पुस्तके कन्नड भाषकासाठी कन्नडातून, बंगाली भाषकासाठी बंगालीतून आणि हिंदी भाषकासाठी हिंदीतून लिहावीत. कन्नड विद्यार्थ्याला ‘नव्हे’ समजावण्यास एक ओळ पुरेल, पण क्रियापद कर्माच्या मागे का जाते यासाठी अनेक पाने लागतील; हिंदी विद्यार्थ्याचे नेमके उलटे होईल. सर्वांसाठी एकच पुस्तक हे कोणासाठीच पुरेसे नसते. तिसरी, परीक्षेत व्याख्या विचारू नयेत. वीस वाक्ये द्यावीत आणि त्यांची घडण विशद करण्यास सांगावे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि 2025 साली मुनिरक्याशेजारच्या या विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावे मराठीचे विशेष केंद्र सुरू झाले. या दोन्ही गोष्टींचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र अशा केंद्राची कसोटी तेथे किती मराठी विद्यार्थी मराठीत संशोधन करतात यावर लागणार नाही; ते काम महाराष्ट्रातील विद्यापीठेही करतात. मणिपूरचा, केरळचा किंवा बिहारचा किती विद्यार्थीवर्ग तेथून ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक ओळखून बाहेर पडतो, आणि त्या बदल्यात किती मराठी विद्यार्थी मणिपुरी किंवा मल्याळी वाक्य वाचावयास शिकतात, यावर ती लागेल.