अकराव्या वर्षाचें तेल

घरांतील एखादें मूल अमेरिकेंत स्थायिक झालें, म्हणजे आईवडिलांना तिकडे जाण्याचा योग येतो. आणि तिकडे गेल्यावर मुलें त्यांना ज्या स्थळीं हौसेनें नेतात, त्यांत फ्लॉरिडा राज्यांतील ऑर्लँडो शहराजवळचीं डिस्ने कंपनीचीं विस्तीर्ण मनोरंजन-उद्यानें बहुधा असतातच. मंडळी परत आली, कीं छायाचित्रें दाखवितात आणि आपण तीं कौतुकानें पाहतों. त्या छायाचित्रांत जें दिसत नाहीं, त्याविषयीं आज दोन शब्द लिहावे, असा विचार आहे. तेथें एके काळीं असें एक दालन होतें, कीं जें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या माणसानें अवश्य पाहावें. परंतु १९९९ सालच्या जानेवारींत तें बंद झालें, पुढें पाडलें गेलें, आणि आतां तें कोणासही पाहावयास मिळणार नाहीं.

१ ऑक्टोबर १९८२ रोजीं तेथें ‘एपकॉट’ नांवाचें उद्यान उघडलें. केवळ पाळणे आणि चक्रें हें त्याचें प्रयोजन नव्हतें. मनुष्यानें आजवर काय साधलें आणि उद्यां काय साधील, हें रंजक रीतीनें दाखवावें, असा मूळ संकल्प होता. बरोबर एका वर्षानें, १ ऑक्टोबर १९८३ रोजीं, त्यांत ‘होरायझन्स’, म्हणजे ‘क्षितिजें’, हें दालन सुरू झालें. वरून टांगलेल्या आसनांत बसून प्रेक्षक हळूहळू पुढें सरकत. जुन्या काळच्या लोकांनीं भविष्याचीं जीं चित्रें मनांत रंगविलीं होतीं, तीं आरंभीं दिसत. मग एक जोडपें आपल्या कुटुंबाची हकीकत सांगूं लागे. या कुटुंबांतील कोणी वाळवंट फुलवून तेथें शेती करीत आहे, कोणी समुद्राखालच्या नगरांत राहत आहे, कोणी अंतराळांतील वसाहतींत बिऱ्हाड थाटलें आहे. आसन वाळवंटांतील फळबागेजवळ आलें, कीं नारिंगांचा वास दरवळे. शेवटीं एका मुलाचा वाढदिवस येई, आणि चोहोंकडे विखुरलेलीं आप्तमंडळी प्रतिमारूपानें त्या समारंभास हजर होत.

परदेशांतील नातवाला मोबाईलच्या पडद्यावरून ओवाळणाऱ्या आजीला आज यांत अद्भुत असें कांहींच वाटणार नाहीं. १९८३ सालीं मात्र तें स्वप्न होतें. माणसें दूर गेलीं तरी कुटुंब तुटूं नये, ही त्या सबंध देखाव्याच्या मुळाशीं असलेली इच्छा आपल्या घरांतही रोज बोलली जाते.

या दालनाला आश्रय होता जनरल इलेक्ट्रिक या कंपनीचा. १९६४-६५ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत वॉल्ट डिस्ने यांनीं याच कंपनीसाठीं एक फिरतें नाट्यगृह उभारलें होतें; विजेच्या योगानें एका कुटुंबाचें घर पिढ्यान्‌पिढ्या कसें पालटत गेलें, हा त्याचा विषय. ‘क्षितिजें’ हा एका अर्थीं त्याचाच उत्तरार्ध. दहा वर्षें आश्रय चालला. १९९३ सालीं कराराची मुदत संपली. कंपनीनें तो पुढें वाढविला नाहीं, आणि दुसरा कोणी आश्रयदाता पुढें आला नाहीं. १९९४ सालच्या अखेरीस दालन बंद झालें. वर्षभरानें तें पुन्हां उघडलें खरें, पण तें शेजारचीं दोन दालनें नूतनीकरणासाठीं बंद ठेवावयाचीं होतीं म्हणून. घरांतील म्हातारीला एरवीं कोणी विचारूं नये आणि लग्नकार्य निघालें म्हणजे तेवढ्यापुरतें कोठीवर बसवावें, तसा हा प्रकार. कार्य उरकलें, आणि ९ जानेवारी १९९९ रोजीं तिला कायमचा निरोप मिळाला. त्या जागीं २००३ सालीं अंतराळप्रवासाचें नवें दालन उघडलें, तें एका संगणक कंपनीच्या आश्रयानें.

ही रीति एपकॉटमध्यें प्रथमच आली असें नाहीं. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उभें राहिलें, तेव्हां वॉल्ट डिस्ने यांच्यापाशीं पुरेसा पैसा नव्हता. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीनें पांच लाख डॉलर घातले आणि कर्जास हमी दिली. शिवाय अनेक व्यापारी कंपन्यांनीं तेथें आपापलीं दुकानें व प्रदर्शनें मांडलीं. १९५७ सालीं मॉन्सँटो या रासायनिक कंपनीनें सबंध प्लॅस्टिकचें एक ‘भविष्यकाळचें घर’ बांधलें. तें पाहण्यास दोन कोटींहून अधिक लोक येऊन गेले असें सांगतात. दहा वर्षांनीं तें पाडावयास घेतलें, तर लोखंडी गोळा भिंतीवर आदळून परत उसळे. एका दिवसाचें म्हणून ठरविलेलें काम दोन आठवडे चाललें. घर मजबूत होतें, परंतु त्याचें भविष्य तेवढें दहा वर्षांचें ठरलें होतें. १९६७ सालींच त्याच कंपनीनें अणूच्या पोटांत शिरण्याचा एक काल्पनिक प्रवास सुरू केला. १९७७ सालीं कंपनीनें अंग काढून घेतलें. आश्रयावांचून तो आणखी आठ वर्षें चालला, आणि १९८५ सालीं बंद झाला.

आतां कोणी म्हणेल, कीं त्या कंपन्या कृतघ्न. तसें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यांचें बालपण संस्कृत पाठशाळेंत गेलें आहे, त्यांना ‘यज्’ धातूची गोष्ट आठवेल. हा धातु उभयपदी. यज्ञाचें फळ ज्याच्या पदरीं पडावयाचें, तो यजमान ‘यजते’. आणि दक्षिणा घेऊन दुसऱ्यासाठीं यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’. कृति एकच, पण फळ कोणाकडे जातें त्यावरून पद बदलतें. कंपनीचा आश्रय हा आत्मनेपदी आहे, आणि तिनें तो तसा नाहीं असें कधीं म्हटलेलेंही नाहीं. दारावर नांव लागावें, आपल्या बड्या गिऱ्हाइकांना बसविण्यास आंत स्वतंत्र दिवाणखाना मिळावा, घरोघरच्या मुलांनीं आपलें नांव आनंदाबरोबर लक्षांत ठेवावें, हें फळ ठरवूनच ती पैसा मोजते. फळ येईनासें झालें, म्हणजे यजमान उठतो. त्याला भागधारकांस हिशेब द्यावयाचा असतो.

मग उद्यानाच्या मालकानेंच तो खर्च कां सोसूं नये? येथें हिशेबाच्या वहीचा एक गुण लक्षांत घेतला पाहिजे. एपकॉटमध्यें शिरतांना एकच तिकीट काढावें लागे. आंत गेल्यावर प्रत्येक दालन मोकळें. त्यामुळें कोणत्या दालनानें किती पैसा आणला, हें वहींत वेगळें दिसत नाहीं. कोणतें दालन किती पैसा खातें, हें मात्र स्पष्ट दिसतें. आश्रयदाता असेपर्यंत तो खर्च दुसऱ्याच्या नांवावर असतो. तो गेल्याबरोबर तें दालन डोळ्यांत खुपूं लागतें. एकदम कोणी टाळें ठोकीत नाहीं. नवें कांहीं करण्याचें लांबणीवर पडतें, देखावे जुने दिसूं लागतात, गर्दी ओसरते, मग गर्दीच्या हंगामापुरतें दार उघडतें, आणि एके दिवशीं तेंही थांबतें. आरोग्यविषयक दालनाचा असाच शेवट झाला. तें १९८९ सालीं मेटलाइफ या विमा कंपनीच्या आश्रयानें उघडलें. २००१ सालीं आश्रय संपला. २००४ पासून तें हंगामापुरतें उघडूं लागलें. आणि २००७ सालच्या पहिल्या दिवशीं कायमचें मिटलें. ऊर्जेच्या दालनाच्या छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे ऐंशी हजार घटक बसविले होते. पण त्याचा आश्रयदाता होता एक्सॉन, म्हणजे खनिज तेलाचा व्यापारी! २००४ सालीं तो गेला, आणि तेंही १३ ऑगस्ट २०१७ रोजीं बंद पडलें.

आश्रय गेला म्हणजे वस्तु मरतेच, असा मात्र नियम नाहीं. वर सांगितलेलें फिरतें नाट्यगृह १९७५ सालीं फ्लॉरिडांत आलें, १९८५ सालीं जनरल इलेक्ट्रिकनें त्याचा हात सोडला, तरी तें फिरत राहिलें. देशोदेशींच्या बाहुल्या एकच गाणें गातात, तो नौकाप्रवास न्यूयॉर्कच्या त्याच प्रदर्शनांत पेप्सी-कोलाच्या पैशानें, संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठीं, मांडला होता. १९६६ सालीं तो कॅलिफोर्नियास गेला. तेथें आधीं एका बँकेनें आणि मग खेळण्यांच्या एका कंपनीनें त्याला आश्रय दिला. यजमान बदलले, गाणें थांबलें नाहीं. म्हणजे आश्रय संपणें हें मरणाचें एकमेव कारण नव्हे. आश्रय संपल्यावर ‘हें आमचें आहे’ असें म्हणणारा कोणी घरांत उरला आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे. ‘क्षितिजें’ दालनावर जीव टाकणारे प्रेक्षक पुष्कळ होते. त्यांनीं बंद होण्यापूर्वीं तेथें जाऊन चित्रफिती घेऊन ठेवल्या आहेत. पण त्यांच्या हातीं वहीही नव्हती आणि किल्लीही नव्हती.

दाता गेला तरी दान चालावें, ही चिंता नवी नाहीं. आपल्या नाशिकजवळ पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत, सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा एक लेख आहे. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें तें लेणें भिक्षुसंघास दिलें, तेव्हां त्याबरोबर तीन हजार कार्षापणही दिले. ते भिक्षूंच्या हातीं न देतां गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें, आणि एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्यानें. मुद्दल कधींही परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें, अशी अट लेखांत कोरली आहे. तिला नांव आहे ‘अक्षयनीवी’. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावे, असें पुढें लिहिलें आहे. हिशेब एका कार्षापणानेंही चुकत नाहीं! शिवाय हें सर्व नगराच्या सभेंत वाचून दाखविलें व नोंदविलें गेलें. दात्याला ठाऊक होतें, कीं आपण राहणार नाहीं; म्हणून त्यानें जातांनाच पुढची सोय केली.

अर्थात् त्या श्रेणी आज नाहींत आणि तें व्याजही कोणी देत नाहीं. ‘अक्षय’ हा शब्द माणसानें लिहिला, म्हणजे त्याला मर्यादा असणारच. याचा एक लहानसा अनुभव या लेखकाच्या गांठीं आहे. ज्या शाळेंत आयुष्य गेलें, तेथें दोन पारितोषिकें होतीं. एका गृहस्थांनीं दरवर्षीं पुस्तकें देण्याचें कबूल केलें होतें. ते थकले, मुलें परगांवीं गेलीं, आणि पुस्तकें येईनाशीं झालीं. भिंतीवरची पाटी तेवढी राहिली. दुसऱ्यांनीं आईच्या नांवानें पांचशें रुपये बँकेंत ठेवले होते. त्यांच्या व्याजांत प्रथम चांगला शब्दकोश येई, मग लहान पुस्तक येऊं लागलें, आणि पुढें पुढें एका लेखणीचीही किंमत भागेना. तेव्हां त्या बाईंची नातसून शाळेंत आली, हिशेब विचारला, आणि रकमेंत भर घालून गेली. तें पारितोषिक आजही दिलें जातें. पहिलें पारितोषिक शब्दावर उभें होतें, तें गेलें. दुसरें मुद्दलावर उभें होतें, आणि तेंही जाण्याच्या बेतांत होतें. तें राहिलें, कारण कोणाला तरी त्याची आठवण होती.

आपल्या घराघरांतून वडिलांच्या स्मरणार्थ कांहीं ना कांहीं दिलें जातें. वाचनालयास कपाट, देवळास नंदादीप, शाळेस बक्षीस. देण्याच्या दिवशीं उत्साह असतो आणि पहिलीं दहा वर्षें तेल घालावयास हात पुष्कळ असतात. म्हणून देतांनाच घरांतल्या सर्वांना एकत्र बसवून एवढेंच विचारावें, कीं अकराव्या वर्षीं तेल कोण घालणार? ज्याचें नांव निघेल, तें वहींत लिहून ठेवावें. शक्य तर तें नांव घरांतल्या सर्वांत धाकट्या माणसाचें असावें, आणि त्याला वर्षांतून एकदां त्या ठिकाणीं नेऊन आणावें. तो परदेशीं गेलाच, तर वाढदिवसाच्या दिवशीं पडद्यावरून त्याला ओवाळतांना याचीही आठवण द्यावी.