चौदा काठ्यांची पिशवी

गोल्फ शिकायला लागलो तेव्हा पन्नाशी उलटली होती. हौसेला मोल नाही म्हणत थेट १४ काठ्यांचा सेट घेतला. किंमत कळल्यावर घरात जे संभाषण झालं, ते इथे न लिहिलेलंच बरं.

त्यानंतरचे तीन महिने चेंडू जमिनीवरून सरपटत होता. प्रत्येक फटका फसला की मी काठी बदलायचो. शेवटी आमच्या कॅडीमामांनी न राहवून विचारलं, "साहेब, एवढ्या कशाला? मी एका सात नंबरवर शिकलो. तीही कुणीतरी टाकून दिलेली." लाजच वाटली.

मग त्यांनी जे समजावलं ते दुकानात कुणीच सांगितलं नव्हतं. काठी फिरवायची रीत बहुतेक एकच. फरक असतो तो काठीच्या लांबीत आणि तोंडाच्या तिरपेपणात. ड्रायव्हर सगळ्यात लांब, तोंड जेमतेम १० अंश कललेलं, म्हणून चेंडू दूर जातो. 'आयर्न'चा नंबर वाढतो तशी काठी आखूड आणि तोंड जास्त तिरपं, म्हणजे चेंडू उंच जाऊन जवळच पडतो. वाळूतून काढायच्या सँड वेजचं तोंड तर ५६ अंशांच्या आसपास! (आणि 'वुड' म्हणतात त्यात आता लाकूड औषधालाही नसतं.) चेंडू उचलायचं काम ते तिरपं तोंड करतं. मी मात्र मनगटं झटकून स्वतःच उचलायला जात होतो.

माझं स्पष्ट मत, नवशिक्याने पूर्ण सेट घेऊच नये. १४ ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. अमेरिकेत तो नियम १९३८ साली आला, तोही काही जण वीसहून अधिक काठ्या घेऊन फिरायचे म्हणून! पाच नंबरचं वुड, सात आणि नऊ नंबरची आयर्न, सँड वेज आणि पटर. बास. त्यातही पटर नीट पारखून घ्या. पार ७२ च्या मैदानात १८ होल्सना दोन-दोन पट धरलेले असतात, म्हणजे निम्मे ३६ फटके त्या एकाच काठीचे. मी ती दोन मिनिटांत निवडली होती आणि ड्रायव्हरपाशी तासभर रेंगाळलो होतो!

हल्ली पाचच काठ्या नेतो. चेंडू उडतो. मामा पिशवी उचलताना हसतात. उरलेल्या नऊ माळ्यावर आहेत, दोघींचं तर प्लास्टिकही निघालेलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली येतात आणि ते जुनं संभाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.