शरणपूर रोडवरची आफ्रिका

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या डेजमध्ये एका ग्रुपने 'आफ्रिका' थीम घेतली होती. तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, हातात भाला आणि 'हुगा बुगा'ची आरोळी. त्यांना प्राइजही मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीसुद्धा होते. ५४ देशांचा अख्खा खंड आम्ही पाच मिनिटांत उरकला आणि कुणालाच काही खटकलं नाही.

मला खटकलं ते बऱ्याच उशिरा. एका असाइनमेंटसाठी डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश संशोधकाबद्दल वाचत होते. आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासात त्याने लिहिलेल्या रोजनिशीत एक शब्द सारखा येतो, 'नासिक बॉइज'. हो, आपलंच नाशिक!

झालं असं, की १९व्या शतकात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून जहाजांनी गुलाम म्हणून विकायला नेली जायची. ब्रिटिश नौदलाने अशा जहाजांवरून सोडवलेल्या काही मुलांना मुंबईत उतरवलं. त्यातली बरीच मुलं नाशिकच्या मिशनमध्ये आली आणि इथेच शाळा, सुतारकाम, लोहारकाम शिकली. ती जागा म्हणजे शरणपूर. आपण रोज कॅनडा कॉर्नरला चहा पिताना ज्या रस्त्यावर गाड्या लावतो, त्याला नाव मिळालं ते याच शरणपूरचं.

इथे शिकलेला जेकब वेनराइट १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत दाखल झाला. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला. सुसी आणि चुमा या जुन्या साथीदारांच्या पुढाकाराने सगळ्यांनी ठरवलं, मृतदेह मायदेशी पोचवायचा. हजार मैलांहून जास्त अंतर पायी तुडवत ते पुढच्या फेब्रुवारीत किनाऱ्याला लागले. ज्या झाडाखाली लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं, त्यावरचा मजकूर जेकबने कोरला. या प्रवासाची डायरीही त्याने लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये हा नाशिकचा विद्यार्थी होता.

पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेरटाउन वसलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचं. ते उभं करायला नाशिकहून आफ्रिकन तरुण गेले. त्यांच्यातल्याच विल्यम जोन्सने जवळच्या रबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. लहानपणी स्वतःला मिळालेली 'शरण' त्याने दुसऱ्यांना दिली.

हे सगळंच काही गोड नव्हतं. मिशनने आसरा दिला, तसं नवं नाव दिलं, नवा धर्मही दिला. जेकब किंवा विल्यम हे काही त्यांच्या आईने ठेवलेलं नाव नव्हे. पण मग आपण काय केलं? आपण त्यांना विसरूनच गेलो.

परक्या देशाचा इतिहास म्हटलं की आपल्याला राजधानी, चलन आणि स्पर्धा परीक्षेतला एक मार्क आठवतो. माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात आपल्या रस्त्यापासून करू या. केनिया मग तेवढा लांबचा वाटत नाही. तिथल्या स्वाहिलीत चपातीला चपातीच म्हणतात, गाडीला 'गारी' आणि पैशाला 'पेसा'.

आपले हेरिटेज वॉक पंचवटी आणि पांडवलेणीला जातात, जायलाच हवेत. त्यात एक थांबा शरणपूरचाही असू दे. आणि कॉलेजात आफ्रिकेतून आलेला कुणी भेटला, तर सेल्फी मागण्याआधी विचारू या, "तू कुठल्या देशातला? घरी कुठली भाषा बोलता?"

या वर्षीचे डेज पुन्हा येतीलच. कुणी काळा रंग काढला, तर मी या वेळी टाळ्या वाजवणार नाही. त्या ग्रुपला जेकबची गोष्ट सांगेन.