तीस रुपयांची पुस्तिका आणि तिचे पत्र

आमच्या वस्तीतील एका तरुणाने जात पडताळणीच्या अर्जाची माहिती देणारी ३२ पानांची पुस्तिका छापली. किंमत ३० रुपये. परवा तो घरी आला. म्हणाला, "काका, शंभर पत्रे पाठवली, चार प्रती गेल्या."

मी पत्र वाचले. "अथक परिश्रमांनी सिद्ध झालेला हा अमूल्य ग्रंथ सादर करताना आम्हांस आनंद होत आहे..." अर्धे पान असेच. वाचकहो, ज्याच्या मुलीचा प्रवेश अडला आहे, त्या बापाला आपल्या परिश्रमांशी काय कर्तव्य?

मी त्याला हाल्डमन-ज्युलियस या अमेरिकन प्रकाशकाची गोष्ट सांगितली. कॅन्सस राज्यातील गिरार्ड गावातून १९१९ पासून त्याने कामगारांच्या खिशात मावतील अशा पुस्तिका काढल्या. पुढे किंमत पाच सेंटवर आणली. जाहिरातीत नुसती नावांची यादी असे. गिऱ्हाइकाने क्रमांक कळवून पैसे पाठवायचे. शोपेनहॉअरचे 'वादविवादाची कला' कोणी फारसे घेईना. त्याने नाव बदलून 'तर्कशुद्ध वाद कसा घालावा' असे केले आणि खप तीस हजारांवर गेला. मजकूर तोच होता. वाचकाला त्याचा उपयोग आता नावातच दिसला. काही पुस्तकांना मात्र त्याने नुसती चाळवणारी नावे दिली. तेवढे आपण घेऊ नये.

मग आम्ही दोघांनी पत्र नव्याने लिहिले:

"सप्रेम जयभीम. जात पडताळणीचा अर्ज त्रुटी काढून परत आला आहे काय? १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा कुठे शोधावा, हे पान ९ वर आहे. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल, तर गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद कशी मागावी, हे पान १४ वर आहे. किंमत ३० रुपये, टपालखर्च वेगळा. उपयोग न झाल्यास पुस्तिका परत करा, पैसे परत मिळतील."

शेवटी त्याला "१५ दिवसांत प्रमाणपत्राची हमी" असे घालायचे होते. ते मी खोडले. प्रमाणपत्र समिती देते, पुस्तिका नाही. खोटी हमी देणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही दिशाभूल करणारी ठरते.

पण मला कायद्याआधी आठवले ते माझेच. बी.कॉम. झाल्यावर "हमखास नोकरी" अशी जाहिरात वाचून मी पोस्टल ऑर्डर पाठवली होती. आली आठ पाने, नुसते कंपन्यांचे पत्ते. आईने ते पैसे रेशनमधून काढले होते. तिने एका शब्दाने विचारले नाही, म्हणून ते अजून सलते.

पत्रात त्याने आणखी एक ओळ माझ्या सांगण्यावरून घातली: "अर्ज आणि नियम शासनाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आम्ही ते सोप्या भाषेत समजावले आहेत."

"मग कोण विकत घेईल, काका?" त्याने विचारले.

ज्याला समजावून हवे आहे तो घेईल. आणि पुढची पुस्तिकाही तुझ्याकडूनच घेईल.