दुसऱ्या शस्त्रक्रियेचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. मध्यमवर्गीय कुटुंबांना तिने मोठा दिलासा दिला, हे निर्विवाद आहे. परंतु वस्तूची किंमत बांधून दिली म्हणजे उपचाराचा खर्च आटोक्यात आला, असे मानणे अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो बसविलेल्या सांध्याला जंतुसंसर्ग झाल्यावर.

असा संसर्ग शंभरांत साधारण एक-दोघांनाच होतो. मात्र ज्याला होतो त्याच्या संसाराची घडी विस्कटते. जंतू धातूवर चिकट थर तयार करून त्याआड दडतात आणि रक्तावाटे येणारे औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. यावर हॅम्बुर्ग येथील शल्यचिकित्सक बुखहोल्ट्स यांनी १९७० च्या सुमारास मार्ग दाखविला. सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटमध्येच त्यांनी जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले. औषध जागच्या जागी पाझरते. सांध्याभोवती त्याचे प्रमाण भरपूर, तर रक्तात अल्प राहते. आज संसर्ग जुना असल्यास बहुधा सांधा काढून औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवितात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, संसर्ग हटल्यावर, नवा सांधा घालतात.

म्हणजे आणखी दोन शस्त्रक्रिया, दुसरा सांधा, दीर्घकाळ औषधे आणि बुडालेली कमाई! हा भार बहुतेक वेळा रुग्णावरच पडतो. वास्तविक, थोड्यांवर कोसळणारे मोठे संकट सर्वांनी वाटून घेणे हेच विम्याचे मूलतत्त्व. म्हणूनच संसर्गोत्तर उपचारांचा पूर्ण खर्च सरकारी आरोग्ययोजनांत आणि विम्यात निरपवादपणे समाविष्ट झाला पाहिजे.

त्याचबरोबर औषधयुक्त सिमेंट हा शस्त्रक्रियागृहातील स्वच्छतेला पर्याय नव्हे. प्रतिजैविकांचा सरसकट वापर झाला तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात, आणि त्याची किंमत उद्याच्या रुग्णाला मोजावी लागते. स्वीडनने गुडघेरोपणांची राष्ट्रीय नोंद १९७५ मध्ये आणि खुब्याच्या सांध्यांची १९७९ मध्ये सुरू केली. कोणता सांधा टिकला, कोणता पुन्हा काढावा लागला, हे त्यातून कळू लागले. आपल्याकडेही प्रत्येक रुग्णालयाला अशी नोंद सक्तीची करावी आणि ती जनतेसमोर ठेवावी. किंमत-नियंत्रणाने ग्राहकाचे रक्षण झाले. आता रुग्णाचे रक्षण व्हावयास हवे.